चार विटांची भिंत, तीन विटांत

एक साधं गणित करू. सांध्यातला माल धरून नेहमीची वीट ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि ३ इंच जाड समजा. आता ९ इंची भिंतीचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा, लांबी १२ इंच आणि उंची साडेचार इंच. भरीव भिंतीत एवढ्या जागेत बरोब्बर ४ विटा जातात.

आता विटा आडव्या न टाकता कडेवर उभ्या करा. एक भिंतीच्या बाहेरच्या तोंडाला, दुसरी तिच्या समोर आतल्या तोंडाला आणि तिसरी या दोघींच्या टोकाला, भिंतीच्या आरपार. तुकडा पूर्ण झाला. विटा लागल्या ३ आणि मधे राहिली ३ इंचांची पोकळी.

भिंतीची जाडी तीच, पण विटा पाव भागाने कमी. ९ फूट उंचीला विटांचे ३६ थर लागायचे, ते २४ वर आले. थर कमी म्हणजे सांधे कमी, म्हणून माल कमी. मधल्या पोकळीतल्या हवेमुळे उन्हाची झळही आत उशिरा पोचते. या रचनेला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात, कारण मधली पोकळी उंदराच्या सापळ्यासारखी दिसते. इंग्लंडमध्ये ही रचना शंभराहून अधिक वर्षं माहीत होती. भारतात ती रुजवली ती केरळमध्ये, लॉरी बेकर नावाच्या माणसाने.

मी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलो आणि वर्गातल्या अनेकांसारखा आता पुण्यात कोड लिहितो. चार वर्षांत इंग्लिश बाँड आणि फ्लेमिश बाँडच्या आकृत्या इतक्यांदा काढल्या की आजही डोळे मिटून काढेन. रॅट-ट्रॅपच्या वाट्याला मात्र एक ओळ आली होती. त्यामुळे प्रश्न असा आहे: तीन विटांत भागतं हे माहीत असूनही आपण चार का लावतो?

पाच मैलांचं वर्तुळ

बेकरचा जन्म १९१७ चा, बर्मिंगहॅमचा. वास्तुकलेचं शिक्षण झालं तोवर दुसरं महायुद्ध तोंडावर आलं होतं. बेकर क्वेकर पंथाचा, त्यामुळे त्याने बंदूक हातात घ्यायला नकार दिला आणि रुग्णसेवेच्या पथकातून तो चीनमध्ये गेला. परतताना बोटीची वाट पाहत त्याला मुंबईत सुमारे तीन महिने थांबावं लागलं. तिथेच त्याची महात्मा गांधींशी भेट झाली.

या भेटीची हकीकत बेकर पुढे आयुष्यभर सांगत असे. गांधींचं लक्ष आधी त्याच्या बुटांकडे गेलं, कारण ते त्याने चिंध्यांपासून स्वतः बनवले होते. मग बोलणं घरांवर आलं. आदर्श गावातलं घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेलं असावं, असं गांधींनी सांगितलं. वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये माती, बांबू आणि कौलांच्या कुटीत ते स्वतः राहत होते, त्यामुळे हे तोंडदेखलं नव्हतं.

बेकरला सुरुवातीला हे पटलं नाही. शहरात शिकलेल्या आर्किटेक्टला स्टील आणि सिमेंटशिवाय इमारत कशी सुचणार? १९४५ मध्ये तो कुष्ठरोग्यांच्या वसाहती सुधारण्याच्या कामासाठी भारतात परत आला. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न झालं आणि दोघं हिमालयात पिथौरागढला गेले. तिथे त्यांनी दवाखाना बांधला आणि सुमारे पंधरा वर्षं राहिले. कॉलेजात न शिकलेली गोष्ट बेकर तिथे शिकला. दगड, माती, लाकूड आणि पाटीच्या दगडाचं छप्पर वापरून थंडी, पाऊस आणि उतार या तिन्ही अडचणी गावातल्या लोकांनी पिढ्यांपूर्वीच सोडवल्या होत्या. त्याच्या पदवीची तिथे फारशी गरज नव्हती, गरज होती नीट बघण्याची.

उल्लूरची टेकडी

१९६३ नंतर हे कुटुंब केरळमध्ये आलं, आधी वागमोनला आणि मग तिरुवनंतपुरमला. तेव्हा सी. अच्युत मेनन मुख्यमंत्री होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेवर काम केलेले अर्थतज्ज्ञ के. एन. राज तिथे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संशोधन संस्था उभी करत होते. विकासाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची इमारत उधळपट्टीची कशी चालेल? काम बेकरकडे आलं.

उल्लूरच्या टेकडीवरचा हा परिसर म्हणजे त्याचं पाठ्यपुस्तकच आहे. टेकडी सपाट केलेली नाही, इमारती उताराबरोबर वळत जातात. विटांवर गिलावा नाही. बऱ्याच ठिकाणी खिडक्यांऐवजी विटांची जाळी आहे, कारण खिडकीला लाकूड, काच, गज, बिजागऱ्या आणि रंग लागतो, म्हणून तेवढ्याच जागेच्या भिंतीपेक्षा ती कित्येक पट महाग पडते. जाळीला फक्त विटा कमी लागतात, शिवाय वारा येतो आणि ऊन गाळून येतं. संगणक केंद्र बांधायची वेळ आली तेव्हा बेकरने त्याला दुहेरी भिंत दिली: बाहेर गोलाकार जाळी आणि आत खोल्या. सर्व्हर रूमच्या एसीखाली कुडकुडलेल्या माझ्यासारख्याला ही इमारत फार आवडते.

गोल आकारही त्याने हौस म्हणून घेतला नव्हता. १०० चौरस मीटरची खोली लांबट, २० बाय ५ ची केली तर भिंत लागते ५० मीटर. चौरस केली तर ४० आणि वर्तुळ केलं तर साधारण साडेपस्तीस. तिरुवनंतपुरम स्टेशनजवळचं त्याचं इंडियन कॉफी हाऊस तर विटांचा एक उंच गोल आहे. आत चढत जाणारा फिरता उतार आहे आणि त्या उतारालगत बांधून काढलेली टेबलं आणि बाकडी. रेल्वेतून उतरणाऱ्या अनेकांचा पहिला डोसा तिथेच होतो.

स्लॅबमध्येही त्याने हेच केलं. स्लॅब वजनाने खाली वाकतो तेव्हा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब छान झेलतं, ताण नाही. ताण सळया घेतात. म्हणजे खालच्या भागातल्या काँक्रीटचं काम सळयांना धरून ठेवणं आणि गंजापासून वाचवणं, एवढंच. मग सळयांच्या मधल्या जागेत महाग काँक्रीट कशाला? बेकरने तिथे जुनी मंगलोरी कौलं टाकली. स्लॅब हलका झाला, सिमेंट आणि सळई दोन्ही कमी लागलं आणि छताला खालून कौलांची नक्षी मिळाली. हे सगळं आपल्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आहे. त्याने त्या सिद्धांताचा अर्थ बांधकामापर्यंत नेला.

हवामानबदल हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. आज जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनापैकी साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतं. चुनखडी भाजताना ती स्वतःच हा वायू सोडते, त्यामुळे भट्टीला सौर वीज दिली तरी प्रश्न पुरता सुटत नाही. सगळ्यात पर्यावरणपूरक सिमेंट म्हणजे न वापरलेलं सिमेंट. बेकरची काटकसर आज आपल्याला 'सस्टेनेबल' वाटते ती यामुळे.

नकाशावर नाही, साइटवर

बेकरचं मोठं ऑफिस नव्हतं. तो जुन्या पाकिटांच्या आणि निमंत्रणपत्रिकांच्या पाठीवर चित्रं काढायचा, रोज साइटवर जायचा आणि गवंड्याशेजारी उभा राहून निर्णय घ्यायचा. वाटेत झाड आलं तर भिंत वळायची. पाडलेल्या घराचे दरवाजे स्वस्तात मिळाले तर चौकटीचं माप बदलायचं.

ही पद्धत एका माणसाबरोबर संपू शकली असती. १९८५ मध्ये अच्युत मेनन, के. एन. राज, बेकर आणि टी. आर. चंद्रदत्त यांनी मिळून कॉस्टफोर्ड ही संस्था सुरू केली. पूर्ण नाव सेंटर ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी फॉर रूरल डेव्हलपमेंट. एक माजी मुख्यमंत्री, एक अर्थतज्ज्ञ, एक आर्किटेक्ट आणि एक कार्यकर्ता, अशी ही जुळणी. नफ्यासाठी नसलेल्या या संस्थेने आराखडा आणि बांधकाम दोन्ही स्वतःकडे ठेवलं आणि गवंडी तयार केले. गरिबांच्या वस्त्यांपासून डॉक्टर-प्राध्यापकांच्या बंगल्यांपर्यंत एकाच पद्धतीने घरं बांधली. तिरुवनंतपुरममधल्या चेंगलचूला आणि करिमाडम या झोपडवस्त्यांच्या पुनर्विकासातही तिचं काम आहे.

बेकरच्या हस्ताक्षरातल्या, चित्रांनी भरलेल्या स्वस्त पुस्तिकाही संस्थेने छापल्या. खर्च कमी करण्यावर एक, मातीवर एक, अशा. चूक पद्धत डावीकडे, बरोबर पद्धत उजवीकडे. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा सोर्स कोड खुला, सोबत उत्तम डॉक्युमेंटेशन आणि लायसन्सचा एक रुपया नाही. १९९० मध्ये बेकरला पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये नव्वदाव्या वर्षी तो गेला.

मग पसरलं का नाही?

मला याचं उत्तर तंत्रात सापडत नाही, पैसे कसे दिले जातात त्यात सापडतं. आर्किटेक्टची फी बऱ्याचदा बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीवर असते. म्हणजे डोकं लढवून खर्च पाव भागाने कमी केला, तर स्वतःची फीही पाव भागाने कमी. कंत्राटदाराचं बिल कामाच्या मोजमापावर निघतं. गवंडी चौरस फुटावर काम घेतो. कडेवर उभी केलेली वीट ओळंब्यात ठेवायला वेळ लागतो आणि तो वेळ त्याच्या खिशातून जातो. दुकानदाराला गोण्या खपवायच्या असतात. या साखळीत वाचवल्याचा मोबदला कोणालाच मिळत नाही, फक्त घरमालकाला मिळतो आणि त्याला हे गणित कोणी सांगत नाही.

दुसरी अडचण प्रतिष्ठेची. गिलावा न केलेलं घर म्हणजे पैसे संपलेलं घर, असं आपल्याला वाटतं. केरळमध्ये आखाती पैसा आला तेव्हा तिथेही रंगवलेली काँक्रीटची घरंच उभी राहिली.

आणि काही मर्यादा खऱ्या आहेत. या पद्धतीत साहित्य कमी लागतं, पण कुशल मजुरी जास्त लागते. मजुरी वाढली की बचत आक्रसते. भाजलेली वीटही निर्दोष नाही. तिच्यासाठी शेताची सुपीक माती जाते आणि भट्टीत इंधन जळतं. म्हणूनच बेकर मातीच्या भिंतींचा आग्रह धरू लागला आणि कॉस्टफोर्डही माती आणि बांबूकडे वळली.

किल्लारीची रात्र

हा सगळा विषय माझ्यासाठी नुसता वाचनाचा नाही. सोलापूर जिल्ह्यात आमचं धाब्याचं घर आहे: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं छत. एप्रिलमध्येही आत गार असतं. आता ते खचलंय आणि आण्णांना तिथे कॉलम-स्लॅबचं घर हवंय. मी बेकरचे फोटो दाखवले, तेव्हा आजीने एकच विचारलं, "आन् भुई हलली तर?"

तिच्या प्रश्नाला इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक अशाच घरांत झोपली होती, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर टनावारी माती. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या भागात दगडमातीवरचा विश्वास त्या रात्री उडाला तो उडालाच. पुण्यात बसून त्याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. आजी तेव्हा कित्येक रात्री अंगणात झोपली होती.

तिला उत्तर द्यायचं तर तेही बांधकामाच्या भाषेतच द्यावं लागेल. किल्लारीत भिंती पडल्या, कारण त्यांना एकत्र बांधून ठेवणारं काही नव्हतं आणि छप्पर प्रचंड जड होतं. पाया, चौकट आणि छप्पर या पातळ्यांवर काँक्रीटचे पट्टे फिरवले तर भिंती एकमेकींना धरून राहतात. रॅट-ट्रॅपची पोकळी इथे कामी येते. कोपऱ्यांत आणि दारं-खिडक्यांच्या बाजूला त्यात उभी सळई सोडून काँक्रीट भरता येतं. कौलं भरलेला स्लॅब धाब्यापेक्षा कितीतरी हलका. सिमेंट लागतंच, पण जिथे गरज आहे तिथेच.

तालुक्यातल्या एका गवंड्याने हे ऐकून घेतलं, जमिनीवर काडीने विटांची मांडणी करून पाहिली आणि म्हणाला, "जमंल, पण चौरस फुटावर नाही. हजेरीवर करू." साखळीतली अडचण त्याने एका वाक्यात ओळखली होती. आण्णा अजून तयार नाहीत. आधी दहा फूट कुंपणाची भिंत बांधून बघायची, एवढं ठरलंय.

बेकरचं खरं काम मला इथे दिसतं. विटा कशा लावायच्या हे त्याच्या आधीही पुस्तकात होतंच. त्याने आर्किटेक्टला साइटवर आणलं, गवंड्याच्या हाताला किंमत दिली आणि कॉस्टफोर्डच्या रूपाने अशी व्यवस्था उभी केली, जिथे कमी सिमेंट वापरल्याने कोणाचं नुकसान होत नाही. हिरव्या इमारतीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं, पण अशी व्यवस्था प्रत्येक गावात नव्याने जुळवावी लागते.

तुमच्याही घराचं काम कधीतरी निघेल. तेव्हा टाइल्सचा रंग ठरवण्याआधी आर्किटेक्टला, कंत्राटदाराला आणि गवंड्याला एकच गोष्ट विचारा: या कामात सामान वाचवलं, तर तुम्हाला काय मिळेल? उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर तुमच्या भिंतीत चौथी वीट कशासाठी जाते ते तुम्हाला कळलेलं असेल.