भेसज्जक्खंधकातील वनौषधी आणि रुग्णाचा अधिकार

हळद, आले, वेखंड, वाळा, कडुनिंब, हिरडा, बेहडा, आवळा ही नावे मराठी घरात कोणासही परकी नाहीत. रोजच्या परिचयामुळे त्यांचा इतिहास सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच तर ऋषिमुनींच्या दिव्य ज्ञानाकडे बोट दाखविले जाते. वस्तुतः या वनस्पतींच्या औषधी उपयोगाची अत्यंत जुनी व पद्धतशीर नोंद पालि विनयपिटकात आहे. महावग्गाचा सहावा खंधक 'भेसज्जक्खंधक' या नावाने ओळखला जातो. भेसज्ज म्हणजे औषध. औषधावर कोणाचा अधिकार आणि तो कशाने ठरतो, या प्रश्नाचे उत्तर या खंधकात दडलेले आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्याचा परामर्श येथे घेत आहोत.

प्रव्रजितास चार निस्सय सांगितले जातात. त्यांतील चौथ्यानुसार त्याचे औषध म्हणजे केवळ पूतिमुत्त, अर्थात गोमूत्रासारखे कोणासही नको असलेले द्रव्य. त्यापलीकडे मिळेल ती अधिकची सवलत. ही सवलत कशी वाढत गेली, हे भेसज्जक्खंधकात दिसते. भगवान श्रावस्तीत असताना शरद ऋतूतील आजाराने भिक्खू कृश व निस्तेज झाले. अन्न पोटात ठरेना. तेव्हा तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित म्हणजे काकवी, या पाच द्रव्यांना औषध म्हणून अनुमती मिळाली. पुढे कोणास मुळांची, कोणास पानांची, कोणास फळांची गरज पडली आणि प्रत्येक गरजेनुसार यादी वाढली. अनुमतीच्या आधी प्रत्येक वेळी एक आजारी माणूस उभा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

मुळांमध्ये हलिद्दा म्हणजे हळद, सिंगिवेर म्हणजे आले, वचा म्हणजे वेखंड, अतिविसा म्हणजे अतिविष, कटुकरोहिणी म्हणजे कुटकी, उसीर म्हणजे वाळा आणि भद्दमुत्तक म्हणजे नागरमोथा यांचा समावेश आहे. काढ्यांसाठी कडुनिंब, कुडा, कडू पडवळ, करंज. पानांमध्ये कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळशीच्या जातीची सुलसी आणि कापूस. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा सांगितले आहेत. शिवाय हिंगासारखे निर्यास आणि समुद्रमीठ, सैंधव इत्यादी लवणे आहेत. मुळे वाटण्यासाठी पाटा-वरवंट्याची, चूर्णासाठी उखळ-मुसळाची व चाळणीची अनुमतीही तेथेच आढळते. यांतील बरीच द्रव्ये शेताच्या बांधावर, रानात वा स्वयंपाकघरात सापडणारी आहेत. या यादीत मंत्र नाही, मुहूर्त नाही आणि रुग्णाच्या जन्माची चौकशीही नाही.

नियम मात्र काटेकोर आहे. तूप, मध आदी पाच द्रव्ये सात दिवसांपर्यंतच ठेवता येतात. मुळे, पाने, फळे आयुष्यभर बाळगता येतात, परंतु कारण असेल तरच सेवन करावयाची. कारण नसताना सेवन केल्यास दुक्कट दोष लागतो. 'सति पच्चये', म्हणजे कारण असताना, हे दोन शब्द या खंधकाचा कणा होत.

हाच निकष त्वचेच्या व चेहऱ्याच्या बाबतीतही लागू केलेला दिसतो. आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचारोग झाला होता. स्रावामुळे चीवर अंगास चिकटे आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून सोडवीत. हे पाहून भगवंतांनी खाज, फोड, वाहते व्रण किंवा अंगाची दुर्गंधी असणाऱ्यांना चूर्णाची अनुमती दिली. निरोग्यांसाठी शेण, माती आणि रंगाचा उकळलेला चोथा पुरेसा मानला. चुल्लवग्गात छब्बग्गिय भिक्खू चेहऱ्यास लेप लावतात, चूर्ण चोळतात, मनशिळेने रंगवितात, तेव्हा लोक कुरकुर करतात आणि ते निषिद्ध ठरते. मात्र आजार असेल तर लेप चालतो. आरशात मुख पाहण्याचेही तसेच. द्रव्य तेच असले तरी हेतूनुसार त्याचे मोल बदलते. अर्थात हे बंधन भिक्खूंसाठी आहे. सिगालोवाद सुत्तात पत्नीस अलंकार देणे हे पतीचे एक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. उपासक-उपासिकांच्या साध्या नीटनेटकेपणावर विनयाने बोट ठेवलेले नाही.

या परंपरेतील थोर वैद्य जीवक कोमारभच्च. महावग्गाच्या आठव्या खंधकानुसार तो राजगृहातील गणिका सालवती हिचा उकिरड्यावर टाकून दिलेला पुत्र. राजकुमार अभयाने त्यास वाढविले. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्यास सांगितले की, नगराभोवती एक योजन फिरून औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि त्याचे शिक्षण पूर्ण झाले. ज्या समाजाने त्या अर्भकास निरुपयोगी ठरवून फेकले, त्यास जगात निरुपयोगी असे काही सापडू नये, हा या कथेतील बोध आम्हांस विलक्षण वाटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेची कथा समाविष्ट केली, ती उगीच नव्हे.

याउलट मनुस्मृतीचा तिसरा अध्याय श्राद्धास न बोलावण्याच्या लोकांत चिकित्सकाची गणना करतो. चौथा अध्याय त्याच्या अन्नास पुवाची उपमा देतो. वैद्य कोणाच्याही देहास स्पर्श करतो, हेच त्याच्या अशुद्धतेचे कारण असावे. चरकसंहितेने आयुर्वेदाची परंपरा ब्रह्मा, दक्ष, अश्विनीकुमार व इंद्र यांच्याकडून आणली असली, तरी वनस्पतींची ओळख गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना असते, हेही तीच सांगते. ज्ञानाचा खरा उगम कोठे होता, याची ही कबुलीच होय. संघात मात्र स्पर्शाची किळस हीच उणीव मानली गेली. अतिसाराने स्वतःच्याच विष्ठेत पडलेल्या भिक्खूस भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले. औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची घृणा न बाळगणे आणि रुग्णास धम्मकथेने धीर देणे, हे सेवकाचे पाच गुण तेथेच नमूद आहेत.

हा विचार विहाराच्या भिंतींत अडकून राहिला नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसे व पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे आणि जेथे औषधी वनस्पती, मुळे व फळे नव्हती तेथे ती आणवून लावल्याचे नोंदविले. सुमारे पाच शतकांनंतर आपल्याच नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत त्याचा पडसाद उमटला. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातील लेखानुसार विष्णुदत्ता या शक उपासिकेने तेथील चातुर्दिश भिक्खुसंघातील रुग्णांच्या औषधासाठी अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव दिली. गोवर्धन येथील श्रेणींकडे ही रक्कम गुंतविण्यात आली. कुलरिक श्रेणीकडे, जिचा अर्थ बहुधा कुंभार असा लावला जातो, 1000 कार्षापणे, तर ओदयंत्रिक म्हणजे जलयंत्रे करणाऱ्यांकडे 2000. तेल्यांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे. परदेशी कुळातील स्त्रीचे दान, श्रमिक जातींच्या हाती ठेव आणि व्याजातून आजाऱ्यास औषध, अशी ही व्यवस्था होती.

या प्राचीन यादीस आजचे औषधपत्रक समजणे मात्र धम्मास धरून होणार नाही. त्याच खंधकात अमनुष्यबाधेवर कच्च्या मांस-रक्ताचा उपायही नोंदलेला आहे. त्या काळाच्या मर्यादा त्यास होत्याच. भगवंतांनी स्वतः जीवकासारख्या प्रशिक्षित वैद्याकडून उपचार घेतले. तेव्हा गंभीर आजारात डॉक्टरांना टाळून काढ्यावर विसंबणे ही बुद्धाची परंपरा नव्हे.

आज 'नैसर्गिक' या शब्दाची मोहिनी घालून गोरेपणाचे लेप व चूर्णे महागड्या वेष्टनांत विकली जातात. काळ्या कातडीस रोग ठरवून तिच्यावर औषध विकणाऱ्या या बाजारास विनयाचा जुना प्रश्न विचारावा : येथे कारण कोणते? आणि जेथे कारण खरोखरच आहे, पण औषध पोहोचत नाही, त्या वस्तीतील रुग्णाकडे आपल्या विहारांनी वळावे. विष्णुदत्तेची ठेव केव्हाच संपली असेल. ती पुन्हा भरणे उपासक-उपासिकांच्या हाती आहे.