कोरियन ताटाची डावी बाजू

कोरियन जेवण कशाला म्हणायचे, हे मांडणीवरून ठरते. भात आणि सूप ज्याचे त्याला स्वतंत्र, किमची हवीच, आणि मधोमध सगळ्यांसाठी लहान वाट्या: तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेली कडधान्ये, सोया सॉसमध्ये आटवलेले बटाटे, सुकी मासळी. या वाट्यांना बांचान म्हणतात. जुन्या रिवाजात त्यांच्या संख्येवरून ताटाची प्रत ठरे: तीन, पाच, सात, नऊ आणि राजाला बारा. भात, सूप, किमची यांची मोजदाद त्यात होत नसे, ते गृहीतच. मराठी पानाच्या भाषेत सांगायचे तर तिथे डावी बाजूच कर्ती आहे.

या कसोटीवर नाशिकचे काय? कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या कॅफेंमध्ये कोरियन म्हणून जे पुढे येते ते बहुतेक रामेन, टोकबोक्की, कॉर्न डॉग, तळलेले चिकन. हे पदार्थ अस्सलच आहेत, पण ते मधल्या वेळचे खाणे आहे. सोलमध्ये शाळा सुटल्यावर मुले टपरीवर उभ्याने खातात ते. त्यामागे सरकारी धोरणाचाही हात आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत दक्षिण कोरियात तांदळाचा तुटवडा होता, म्हणून सरकारने भातात इतर धान्ये मिसळा, गव्हाचे पदार्थ खा अशी मोहीम चालवली. पाकिटातले रामेन तिथे १९६३ मध्ये बाजारात आले आणि या मोहिमेवर स्वार झाले. म्हणजे टंचाईने रुजवलेले खाणे आज आपल्याकडे चैनीच्या भावाने विकले जाते. असो.

मग जेवण का आले नाही? पहिले कारण गिऱ्हाईक. कोरियन हॉटेले दोन प्रकारची असतात: मायदेश सोडून आलेल्या कोरियन माणसांसाठी चालणारी, आणि मालिका पाहून आलेल्या स्थानिकांसाठी चालणारी. पहिल्या प्रकाराला पुण्याच्या आसपास गिऱ्हाईक आहे: रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला. तिथल्या कोरियन अभियंत्याला रात्री आईच्या हातचे सूप आठवते, आणि वाट्या नसतील तर तो दुसऱ्यांदा येत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींची घडण मिको, महिंद्र अशा कारखान्यांनी झाली. कोरियन कुटुंबांची वस्ती इथे झाली नाही. इथला गिऱ्हाईक वीस वर्षांचा. पडद्यावर नायिकेने पातेल्यातूनच रामेन ओढलेले त्याने पाहिलेले असते आणि त्याला तेच हवे असते.

दुसरे कारण हिशेबाचे, आणि इथे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. कोरियात बांचानचे पैसे लावत नाहीत, वाटी संपली की पुन्हा भरतात. हे फुकटचे गणित आपल्याकडे जमणार नाही, असे म्हणतात. पण नाशिकच्या मिसळवाल्याला हे कोण सांगणार? रस्सा मागाल तितका, हा त्याचा रोजचा व्यवहार. पहिल्या प्लेटच्या किमतीतच पुढच्या तीन वाट्या त्याने धरलेल्या असतात. फरक एवढाच की रस्सा एका पातेल्यात होतो आणि सकाळभर खपतो. चार तऱ्हेचे बांचान रोज चार ठिकाणी निवडावे, चिरावे, वाफवावे लागते, आणि टेबलावरून उरून परत आलेली वाटी टाकूनच द्यावी लागते. वीस टेबले भरली तर हे परवडते, चार टेबलांना नाही.

तिसरी अडचण मनातली. कोरियन कुटुंब एकाच भांड्यातल्या सूपमध्ये आपापले चमचे बुडवते. उष्ट्याचा विचार ज्या घरात अजून शाबूत आहे तिथे हे रुचत नाही, आणि वाढपी डाव ठेवून ही अडचण सोडवतो. बीफचा प्रश्न कायद्याने सुटला: महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे एरवी बीफची असणारी बुलगोगी इथे चिकनची.

किमची मात्र बारकाईने पाहायला हवी, कारण फसवणूक तिथे होते. खरी किमची मुरते. कोबी मिठाच्या पाण्यात भिजवून, निथळवून मिरची, लसूण, आले चोळून दाबून भरली की त्यातले जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात, बरोबर कार्बन डायऑक्साइडही. म्हणून बरणी उघडताना हलका फुसकारा येतो आणि जिभेवर बारीक चुरचुर होते. चार अंशांच्या आसपास ती दोन-तीन आठवड्यांनी चवीला येते. नाशिकच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवली तर एक-दोन दिवसांतच आंबट होऊन मऊ पडते. निफाडचा पारा जानेवारीत कधी पाच अंशांखाली उतरतो, तो मोसम तिला मानवेल. ज्या कॅफेला एवढी सबुरी नसते तो व्हिनेगर ओततो. ओळखायचे कसे? व्हिनेगरचा आंबटपणा पहिल्या घासालाच नाकात जातो आणि तिथेच संपतो. मुरलेल्या किमचीचा हळूहळू चढतो, मागे मिरचीची गोडी ठेवतो. अशी झटपट किमची म्हणजे लाल रंगाची कोशिंबीर.

शाकाहाऱ्याने आधी विचारावे, कारण नेहमीच्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचे सॉस असते. पण कोरियन बौद्ध मठांची पाकपरंपरा मांस-मासे तर वगळतेच, शिवाय लसूण आणि पातीच्या कांद्यासह पाच उग्र भाज्याही वगळते. त्यांच्या किमचीत खारेपणासाठी सोया सॉस असतो. कांदा-लसूण न खाणाऱ्या गिऱ्हाइकांचे श्रावणात काय करायचे, हा प्रश्न नाशिकच्या हॉटेलवाल्याला दरवर्षी पडतो. त्याचे तयार उत्तर इथे आहे आणि अजून कुणी ते उचललेले माझ्या तरी पाहण्यात नाही. भात इगतपुरीच्या इंद्रायणीचा, तो मुळातच चिकटसर. मुळ्याची किमची, तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेले मूग वाफवून. मूग तर मिसळवाल्याकडे रोज भिजतातच. बाहेरून आणायला लागेल ते सूपसाठी दोएनजांग, म्हणजे सोयाबीनची मुरवलेली पेस्ट, आणि जाडसर कोरियन तिखट.