घाट आणि पुरे

पैठण हे गोदावरीच्या उत्तर काठावरचे लहान शहर. छत्रपती संभाजीनगर तिथून सुमारे ५० किलोमीटरवर. पैठणची राहणी नदीने घडवली. संभाजीनगरच्या उपनगरांची आधी छावणीने, मग कारखान्याने.

पैठण म्हणजे जुने प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरचे पैठण येते. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. राजधानी गेली तरी काठामुळे क्षेत्र टिकले. धर्मनिर्णयात पैठणच्या ब्रह्मवृंदाचा शब्द चाले आणि त्या शब्दाला छेद देणाऱ्या कथाही याच काठावरच्या. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ते नागघाटावर; अस्पृश्याच्या पोराला एकनाथांनी कडेवर घेतले ते गोदेच्या तापलेल्या वाळवंटात. कथा खऱ्या-खोट्या कशाही असोत, गावाने आपले वाद घाटावर आणून मांडले, हे त्यांतून दिसते. एकनाथांनी १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदेत जलसमाधी घेतली असे परंपरा सांगते. नाथषष्ठीला आजही दिंड्या येतात आणि गावाचे वर्ष त्या तिथीभोवती फिरते.

संभाजीनगरला अशी नदी नव्हती. खाम आहे, पण तिच्या भरवशावर शहर वसले नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे संभाजीनगर, वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी आणले. मोगलांच्या काळात भोवती पुरे वाढले: जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा. नावे रजपूत सरदारांची, म्हणजे फौजेबरोबर आलेल्यांची. पैठणमध्ये माणूस घाटाने ओळखला जाई, इथे वस्ती सरदाराच्या नावाने. फौजा हलल्या, तरी पुरे राहिले आणि मुळे धरू लागले. करणपुऱ्यातल्या देवीची नवरात्रातली यात्रा आज साऱ्या शहराची आहे.

दुसरी लाट १९७० नंतरची. सिडकोने आखलेल्या वसाहतींना नावांऐवजी क्रमांक मिळाले. पत्ता विचारला की ‘एन-सहा’, ‘एन-नऊ’ असे उत्तर येते. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्यालगत बजाजनगर उभे राहिले. खानदेश, विदर्भ आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली कुटुंबे इथे शेजारी झाली. पैठणमध्ये शेजार पिढीजात. इथे तो शिफ्टवर ठरतो आणि तिसरी पाळी करणाऱ्याच्या घरी दुपारी दार वाजवायचे नसते, हा नवा शिष्टाचार. तिथी मात्र सुटली नाही. पंढरपूरला जाता न येणारे आषाढीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला पायी जातात. कंपन्यांच्या रांगेत वारी रुजवणे ही या उपनगराची खरी कमाई म्हणावी लागेल.

पैठण आणि संभाजीनगर यांना पाण्याने जोडले ते जायकवाडी धरणाने. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली; १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. धरणाच्या जलाशयाखाली, नाथसागराखाली, अनेक गावे गेली. धरण पैठणच्या उशालाच असल्याने घाटापुढची धार २७ दरवाज्यांच्या ताब्यात गेली; यात्रेच्या स्नानासाठीही पाणी सोडावे लागते. तेच पाणी मोठ्या नळांनी शहराकडे चढवले जाते. पैठणला आजही षष्ठीचा दिवस विचारतात. सिडकोत नळाला पाणी येण्याचा दिवस विचारतात. ते काही दिवसांआड येते, आणि त्या दिवशी घरात कोणाला तरी थांबावेच लागते.