राष्ट्रगीत : शिकवावे, की म्हणायला लावावे?

शाळेत मुलांना राष्ट्रगीत शिकवावे का, असे कोणी विचारले तर आपल्याकडे बहुतेकांना तो प्रश्नच विचित्र वाटेल. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर राष्ट्रगीत छापलेले असते आणि परिपाठात ते रोज म्हटले जाते. पण शिकवणे आणि म्हणायला लावणे या दोन गोष्टी एक आहेत का? राष्ट्रगीताचा इतिहास पाहिला तर त्या एक नाहीत, असे दिसते.

'जन गण मन' पहिल्यांदा जाहीरपणे गायले गेले ते २७ डिसेंबर १९११ रोजी, काँग्रेसच्या कोलकाता अधिवेशनात. पुढे १९१९ मध्ये रवींद्रनाथ टागोर आज आंध्र प्रदेशात असलेल्या मदनपल्ली गावी थोडे दिवस राहिले. तेथील थिऑसॉफिकल कॉलेजचे प्राचार्य जेम्स कझिन्स हे आयरिश कवी होते. रवींद्रनाथांनी तेथे विद्यार्थ्यांपुढे हे गीत गायले, त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि प्राचार्यांच्या पत्नी मार्गारेट कझिन्स यांनी त्याची स्वरलिपी लिहून काढली. मुलांना ते इतके आवडले की कॉलेजने ते आपली प्रार्थना म्हणून स्वीकारले.

संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी २४ जानेवारी १९५० रोजी हे गीत राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले. म्हणजे त्याआधी एकतीस वर्षे ते एका विद्यालयात शिकवले जात होते. त्यामागे ना कायदा होता, ना परिपत्रक. मुले ते गात होती, कारण त्यांना ते कोणीतरी समजावून दिले होते.

स्वातंत्र्यानंतर नियम आले. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागावेत, हा त्यांतला सर्वांना ठाऊक असलेला नियम. शाळेचा दिवस सामुदायिक राष्ट्रगीताने सुरू करता येईल आणि शाळांनी त्याचा प्रसार करावा, असेही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सूचनांत आहे. १९७१ च्या कायद्याने राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणे हा गुन्हा ठरवला. मात्र न गाणे हा गुन्हा आहे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

या फरकाची कसोटी लागली ती १९८५ मध्ये, केरळातल्या एका शाळेत. तेथील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी सर्वांबरोबर आदराने उभी राहत, पण गात नसत. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे ते कुटुंब. कोणत्याही देशाचे राष्ट्रगीत गाणे त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीही पूर्वी अशाच गप्प उभ्या राहत आणि कोणाची तक्रार नव्हती. पण त्या वर्षी एका आमदारांच्या नजरेस ही गोष्ट पडली. त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशी झाली. मुले सालस आहेत, त्यांनी अवमान केलेला नाही, असा अहवाल आला. तरीही वरिष्ठांच्या आदेशावरून जुलै महिन्यात तिघांना शाळेतून काढून टाकण्यात आले. सर्वांत धाकटी मुलगी पाचवीत होती.

उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात मात्र न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी ११ ऑगस्ट १९८६ रोजी मुलांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रगीत गायलाच हवे असे सांगणारा कोणताही कायदा नाही. जो आदराने उभा राहतो तो अवमान करत नाही. आणि त्याला शाळेतून काढणे हे अभिव्यक्ती व धर्म यांच्या स्वातंत्र्यावर आक्रमण आहे, असे न्यायालयाने म्हटले. मुलांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश झाला.

अमेरिकेतही असाच वाद झाला होता. तेथे शाळेत ध्वजवंदनाची सक्ती १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. अवघ्या तीन वर्षांत, १९४३ मध्ये, ऐन महायुद्ध चालू असताना त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला. आपल्याकडे चित्रपटगृहांचेही तसेच झाले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथे राष्ट्रगीत वाजवणे बंधनकारक केले आणि जानेवारी २०१८ मध्ये ते ऐच्छिक ठरवले.

मग शाळेने करायचे काय? माझ्या मते राष्ट्रगीत शिकवलेच पाहिजे, आणि आज शिकवतो त्याहून जास्त शिकवले पाहिजे. आज आपण ते पाठ करून घेतो. अर्थ क्वचितच सांगतो. संस्कृतप्रचुर बंगालीतले हे शब्द मराठी मुलाला ओळखीचे वाटतात, पण त्यांचा नेमका अर्थ विचारला तर दहावीचा विद्यार्थीही अडखळतो. त्यातले प्रांत, पर्वत, नद्या नकाशावर दाखवायला एक तास पुरेल. मूळ गीताची पाच कडवी आहेत आणि त्यांतले पहिलेच राष्ट्रगीत आहे, हे सांगायला दोन मिनिटे पुरतील.

आणि त्याच तासाला केरळातल्या त्या तीन भावंडांची हकीकतही सांगावी. एखादे मूल श्रद्धेपोटी गप्प उभे असेल तर त्याच्याकडे संशयाने पाहायचे नाही, हेही राष्ट्रगीताच्या पाठाबरोबरच मुलांना कळले पाहिजे. मदनपल्लीच्या मुलांना कोणी सक्ती केली नव्हती. तरी ती रोज गात होती.