सूर्याचे माप आणि मोजणाराचा डोळा

सूर्य आटत चालला आहे काय, हा प्रश्न प्रथम निघाला तो जळणाच्या हिशेबातून. १८५४ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी मांडले की, सूर्य स्वतःच्याच भाराने आकसतो व त्यातून उष्णता निपजते. या हिशेबाने सूर्याचे वय जेमतेम दोन कोटी वर्षे भरले. भूगर्भशास्त्रज्ञांना ते पुरेना. पुढे १९३९ साली बेथे यांनी हायड्रोजनपासून हेलियम कसा होतो ते उलगडले आणि जळणाचे कोडे सुटले.

तथापि १९७९ साली अमेरिकेतील जॉन एडी व अराम बूर्नाझियन यांनी खळबळ उडवली. ग्रीनिच वेधशाळेतील १८३६ ते १९५३ पर्यंतच्या नोंदी तपासून ते म्हणाले, सूर्याचा व्यास शतकामागे सुमारे हजारावा हिस्सा घटतो आहे. हा वेग असाच राहता तर लाखभर वर्षांत सूर्यच उरला नसता!

पण या नोंदी झाल्या कशा? दुर्बिणीतल्या तारेवरून सूर्याची एक कड जाते, मग दुसरी. मधला वेळ मोजून व्यास काढायचा. म्हणजे भिस्त माणसाच्या डोळ्यावर. याच ग्रीनिचमध्ये १७९६ साली किनब्रुक नावाच्या सहायकाला कामावरून काढले होते. ताऱ्यांचे वेध घेताना त्याची वेळ वरिष्ठांच्या वेळेपेक्षा सुमारे ०.८ सेकंद मागे पडे, एवढाच त्याचा गुन्हा. प्रत्येकाच्या वेधात असा वैयक्तिक फरक असतोच, हे पुढे बेसेल यांनी दाखवले. पण त्याची नोकरी गेली ती गेलीच. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना ही गोष्ट नवी वाटत नाही. साहेबाचे घड्याळ तेवढे बरोबर, हा न्याय आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

एडींच्या दाव्याची परीक्षा मात्र रीतसर झाली. १९८० साली शापिरो यांनी १७३६ ते १९७३ मधील बुधाची २३ अधिक्रमणे तपासली. घट असलीच तर ती एडींच्या आकड्याच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी निघाली. २००३ व २००६ सालच्या अधिक्रमणांवरून सोहो यानाने सूर्याची त्रिज्या ६,९६,३४२ किलोमीटर ठरवली. चूक फार तर ६५ किलोमीटरच्या आसपास. शतकभराची ती घट सूर्याची नव्हती, मापण्यातली होती.

सूर्य बदलतो, पण आपल्या चालीने. साडेचार अब्ज वर्षांत तो थोडा मोठाच झाला आहे. आणखी सुमारे पाच अब्ज वर्षांनी तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. तोवर कोणी नोंदवही पुढे करून घट दाखवली, तर आम्ही आधी विचारू: मोजले कोणी, कशाने, आणि दुसऱ्या मापाने पडताळले काय?