शाळेतली शेती: एका तासाची वंशावळ

'कार्यानुभव'चा तास आठवतो ना? गणिताचा धडा मागे राहिला की पहिला बळी त्याचाच जायचा! या तासाचं मूळ मात्र खूप जुनं आहे.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामातून आलेला सरकारी पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. त्याच निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे धडे असावेत आणि शाळेला जोडून लहान नमुना शेतं असावीत, अशी मागणीही होती.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या सात वर्षांच्या अभ्यासक्रमात कताई-विणकामासारखीच शेतीही मूलोद्योग होती. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. आपल्यापर्यंत त्यातून पोहोचली ती कागदी फुलं आणि पाकिटं.

१९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा आणि आरोग्याची कामं करतात. मुलं बनवतात ते गावात खरंच वापरलं जातं. शिवाय बोर्डाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली, त्यामुळे तो तास कुणाला पळवता येत नाही.

आपल्यातल्या अनेकांचे आईवडील कन्नड, वैजापूर, फुलंब्रीकडची शेती मागे ठेवून पुंडलिकनगरात आले. "शीक, नाहीतर ढेकळं फोडावी लागतील," हे वाक्य घरोघरी होतं. त्यांचं चुकलं नाही. त्यांनी दुष्काळ पाहिला होता. पण शाळा म्हणजे शेतातून सुटण्याची वाट, असंच आपल्या मनात बसलं. फुल्यांना तीच शाळा शेतापर्यंत न्यायची होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. प्रोग्राम चुकला तर यंत्र क्षणात सांगतं. मेथीचा वाफा उत्तर द्यायला महिना घेतो. शंभर बियांतल्या किती उगवल्या, यात शेकडेवारीचा धडाही होऊन जातो.

म्हणून स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेच्या आवारात चार वाफे आणि छताचं पावसाचं पाणी साठवायला एक टाकी करू या, असं सुचवते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या भागात टाकी आधी हवी. आणि सर, बाई, एक विनंती: वेळापत्रकात त्या तासाला हात लावू देऊ नका.