नटाचे वय आणि पडद्याचे वय

रायपूरच्या रेल्वेस्थानकावर उतरणाऱ्या माणसाला जुने शहर रुळांच्या एका बाजूस लागते आणि गुढियारी दुसऱ्या बाजूस. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा हा लोहमार्ग ज्या बेंगॉल-नागपूर रेल्वेच्या नावाने ओळखला गेला, ती कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली. त्याच्याही आधी छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. आणि १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात मोडत असे, त्याची राजधानी नागपूर हीच होती. मराठी वाचकाला रायपूर परके वाटते, ते १९५६ नंतरच्या नकाशामुळे. या जुन्या मध्यप्रांताने हिंदी पडद्याला दोन वृद्ध नट दिले. एक खांडव्यात वाढलेले अशोककुमार, दुसरे रायपुरात जन्मलेले हबीब तन्वीर. दोघांच्याही वाट्याला उतारवयात एकच भूमिका आली, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. १९८६ च्या सुमारास बी. आर. चोप्रांच्या दूरदर्शन मालिकेत अशोककुमार बहादूरशहा जफर झाले. २००५ मध्ये ‘मंगल पांडे’ या चित्रपटात तोच शेवटचा मोगल बादशहा तन्वीर यांनी उभा केला. पहिले तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेले होते, दुसऱ्यांनी ऐंशी ओलांडली होती.

चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांची एक सोयीची रीत आहे. नटाच्या शेवटच्या चित्रपटाच्या सालातून पहिल्या चित्रपटाचे साल वजा करावयाचे आणि जी बाकी उरेल तिला कारकीर्द म्हणावयाचे. या हिशेबाने अशोककुमारांची कारकीर्द साठ वर्षांची ठरते. तन्वीर यांचीही, १९५३ च्या ‘फुटपाथ’पासून २००८ च्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’पर्यंत मोजल्यास, पंचावन्न वर्षांची ठरते. आकडे जवळजवळ सारखे आहेत. तथापि या दोन आकड्यांखाली दडलेली आयुष्ये इतकी भिन्न आहेत, की त्यांना एकाच शब्दाने संबोधणे म्हणजे इतिहासाऐवजी केवळ वजाबाकी करणे होय.

अशोककुमारांचे उदाहरण सरळ आहे. बॉम्बे टॉकीजच्या प्रयोगशाळेत काम करणारा हा तरुण १९३६ मध्ये ‘जीवन नैया’चा नायक झाला, त्याच वर्षी ‘अछूत कन्या’ आला, १९४३ मध्ये ‘किस्मत’. पुढे केस पांढरे होत गेले तसतशा भूमिका बदलत गेल्या. १९६८ चा ‘आशीर्वाद’, १९७५ च्या ‘मिली’तला मुलीचे आजारपण उरी बाळगणारा बाप, आणि १९८४ मध्ये ‘हम लोग’ या मालिकेच्या भागाअखेरीस घराघरांत प्रेक्षकांशी बोलणारा वडीलधारा माणूस. हे सारे एकाच चेहऱ्यावर पडद्याने डोळ्यांदेखत घडविले. ‘हम लोग’ पाहणाऱ्या अनेकांनी त्यांना तरुणपणी पाहिले होते. त्यांच्याबरोबर ते स्वतःही म्हातारे झाले होते. येथे नटाचे वय आणि पडद्याचे वय हातात हात घालून चालले. अशी भाग्ये थोडी, आणि बहुतेक पुरुषांचीच.

तन्वीर यांचे तसे नव्हते. १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपुरात जन्मलेले हबीब अहमद खान तेथील लॉरी म्युनिसिपल हायस्कुलात शिकले, पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले. ‘तन्वीर’ हे त्यांचे शायर म्हणून घेतलेले टोपणनाव. १९४५ मध्ये ते मुंबईस आले. आकाशवाणी, चित्रपटांसाठी गीतलेखन, लोकनाट्य संघ, प्रगतिशील लेखकांच्या बैठका, असा त्या पिढीतील तरुणाचा नेहमीचा मार्ग त्यांनीही चोखाळला. याच काळात त्यांनी पडद्यावर लहानसहान कामे केली. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर याच शिडीने वर चढत गेला असता. परंतु १९५४ मध्ये ते दिल्लीस गेले, तेथे ‘आग्रा बाजार’ बसविले, आणि मुंबईच्या पडद्याने त्यांना जवळजवळ हरवले.

पुढली तीस वर्षे ते कोठे होते, याचे उत्तर चित्रपटांच्या सूचीत सापडत नाही. ते रंगभूमीच्या इतिहासात आहे. १९५५ मध्ये ते इंग्लंडला गेले व तेथे नाट्यशिक्षण घेतले. १९५६ मध्ये ते बर्लिनला पोहोचले, तेव्हा ब्रेख्तच्या मृत्यूला फार दिवस झाले नव्हते. त्याच्या नाट्यसंस्थेचे प्रयोग मात्र त्यांना पाहावयास मिळाले. १९५८ मध्ये परतल्यावर छत्तीसगडचे सहा नाचा-कलावंत त्यांनी दिल्लीला नेले आणि ‘मृच्छकटिक’ ‘मिट्टी की गाडी’ या रूपात केले. पुढल्या वर्षी पत्नी मोनिका मिश्र यांच्यासह ‘नया थिएटर’ ही संस्था काढली. आणि येथे एक चूक झाली, जी त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने कबूल केली. या नटांना ते हिंदी बोलावयास लावीत होते आणि रंगमंचावरील त्यांच्या हालचाली आधीच आखून देत होते. रात्र-रात्र मोकळ्या जागेत, तीन बाजूंनी बसलेल्या माणसांपुढे मनात येईल तसे वळण देत खेळणारा नट त्या चौकटीत अवघडून जाई. ही गोष्ट पुरती उमगण्यास पंधरा वर्षे लागली. ज्याचा जन्म रायपुरातला, त्याला आसपासच्या खेड्यांची बोली रंगमंचावर मुक्त सोडण्यासाठी लंडन, बर्लिन आणि दिल्ली असा वळसा घालावा लागला, यात हसण्यासारखे काही नाही. शहरातील शिक्षित माणसाचे रुळांच्या पलीकडे जाणे नेहमी असेच उशिराचे असते. १९७३ मध्ये रायपुरातल्या नाचा-शिबिरातून ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दामाद’ हा प्रयोग उभा राहिला आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’. १९८२ मध्ये याच नाटकाने एडिंबरोच्या महोत्सवात पारितोषिक मिळविले.

एवढे सगळे झाल्यावर चित्रपटाला तन्वीर पुन्हा आठवले. मधल्या काळात काही तुरळक कामे झाली होती, ॲटनबरो यांच्या ‘गांधी’तही (१९८२) ते दिसतात. परंतु खरे पुनरागमन १९८७ चे, सुधीर मिश्र यांच्या ‘ये वो मंजिल तो नहीं’ या पहिल्याच चित्रपटातून झाले. आपल्या जुन्या कॉलेजच्या समारंभासाठी तीन वृद्ध मित्र रेल्वेने निघतात. मनोहर सिंग, बी. एम. शाह आणि हबीब तन्वीर. तिघेही रंगभूमीचे. दिग्दर्शकाची ही निवड केवळ सोयीची नव्हती. स्वातंत्र्यपूर्व काळाचे ओझे वागविणारे तीन चेहरे त्याला हवे होते, आणि चित्रपटाने स्वतः घडविलेल्या वृद्ध नटांपाशी असे चेहरे नव्हते. त्यांच्या सुरकुत्यांत जुने नायक दिसत राहिले असते. तन्वीर यांचे तारुण्य पडद्याच्या स्मरणात नव्हते. त्यांचे वार्धक्य पडद्याला आयते, तयार मिळाले. ते आले त्याला रंगभूमी कारण झाली.

त्यानंतरची कामे या नियमाला धरूनच आहेत. १९९१ मध्ये नाना पाटेकरांनी ‘प्रहार’ दिग्दर्शित केला, त्यात गुंडांनी मारलेल्या माजी कमांडोचा बाप ते होते. मग जफर. आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी सुभाष घई यांच्या चित्रपटात चांदनी चौकातला म्हातारा उर्दू शायर. ज्याने शायर म्हणून टोपणनाव घेतले त्याला चित्रपटाने अखेरीस शायराची भूमिका दिली. इतक्या वर्षांनी का होईना, नेम साधला. ८ जून २००९ रोजी भोपाळमध्ये त्यांचे निधन झाले.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब अगदी वेगळा मांडावा लागतो, आणि तेथे मराठी नटींची उदाहरणे बोलकी आहेत. ललिता पवार १९२८ च्या सुमारास मूकपटात बालकलाकार म्हणून आल्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात सहनटाची थप्पड प्रमाणाबाहेर लागली, चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला आणि डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकापद संपले तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. पुढल्या अर्धशतकाची खाष्ट सासू, ‘अनाडी’तील मिसेस डिसा आणि १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिकेतली मंथरा या सर्वांचा उगम त्या एका दिवसात आहे. सुलोचनाबाईंना असा अपघात झाला नाही. त्यांना वय चित्रपटाने बहाल केले. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये त्या देव आनंद आणि प्राण या दोघा भावांची आई आहेत. सुलोचनाबाई तेव्हा बेचाळिशीत होत्या, देव आनंद त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे आणि प्राण आठ वर्षांनी. पडद्यावर पुरुषाचे वय मागे रेटले जाते आणि त्याची किंमत स्त्रीच्या वयातून वसूल केली जाते. सुलोचनाबाई २०२३ पर्यंत जगल्या. त्यांच्या दीर्घ कारकीर्दीचे कौतुक करताना, ती दीर्घ होण्यासाठी त्यांना किती लवकर म्हातारे व्हावे लागले, हे सहसा कोणी मोजत नाही.

याहून वेगळी वाट कमलाबाई गोखले यांची. १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्या मोहिनी झाल्या आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती. भारतीय चित्रपटात स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याचा आरंभ या मायलेकींनी केला. पण कमलाबाईंचा संसार चालला तो फिरत्या नाटकमंडळ्यांवर. त्यांचे पुत्र चंद्रकांत (१९२१–२००८) रंगभूमी आणि चित्रपटात दीर्घकाळ वावरले, नातू विक्रम गोखले रंगभूमीवरून चित्रपटात आणि तेथून दूरचित्रवाणीवर गेले. मूकपटापासून मालिकेपर्यंतचा हा पल्ला एका घराने गाठला, तो नाटकाच्या जोरावर. वयाच्या नव्वदीच्या सुमारास कमलाबाईंवर रीना मोहन यांनी माहितीपट केला, तेव्हा कोठे पडदा त्यांच्याकडे परत वळला. तन्वीर आणि कमलाबाई यांच्यात साम्य आहे ते हे. दोघांच्याही आयुष्याचा मधला, भरगच्च भाग कॅमेऱ्यापासून दूर गेला. जोहरा सैगल यांचीही गोष्ट फारशी निराळी नाही. १९४६ चा ‘धरती के लाल’ आणि २००७ चा ‘सावरिया’ यांच्यामध्ये पृथ्वी थिएटर आहे, आणि इंग्लंडमधील दूरचित्रवाणीही आहे.

मात्र कमलाबाई व तन्वीर यांना उशिरा का होईना पडद्याने जवळ केले. ज्यांच्या बळावर तन्वीर यांची मधली तीस वर्षे उभी राहिली, त्या नटांचे काय झाले, हा प्रश्न या विषयाचा खरा गाभा आहे. मदनलाल, ठाकुरराम, लालूराम, भुलवाराम, फिदाबाई, गोविंदराम निर्मलकर ही नावे नाट्याभ्यासकांना ठाऊक आहेत. यांच्यातील कित्येक जण तन्वीर यांना भेटण्याआधीच नाचा-मंडळ्यांतून नाव मिळविलेले होते. नाचामध्ये स्त्रीपात्रे पुरुष करीत, विनोदी जोडीवर रात्र उभी असे, आणि नट वयाने थकला तरी जीभ व ताल थकेपर्यंत त्याला कोणी निवृत्त करीत नसे. वार्धक्याला तेथे वेगळी भूमिका शोधावी लागत नाही.

या मंडळींपैकी काहींना १९७५ मध्ये श्याम बेनेगल यांनी ‘चरणदास चोर’ चित्रपटात घेतले. तो बालचित्र संस्थेसाठी होता. लालूराम चरणदास झाले, मदनलाल त्याचा साथीदार. म्हणून या दोघांच्या अंगविक्षेपांचा, उच्चारांचा, डोळ्यांच्या खोडकरपणाचा पुरावा आज उपलब्ध आहे. पण राणीची भूमिका, जी रंगमंचावर फिदाबाईंनी आपली करून टाकली, ती चित्रपटात स्मिता पाटील यांनी केली. स्मिता पाटलांचे ते पदार्पण, आणि त्यांच्या अभिनयाबद्दल येथे तक्रार नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने परिणाम असा झाला, की जिची कारकीर्द पुढे जेमतेम अकरा वर्षांची ठरली तिची राणी दीर्घ चित्रपटाच्या रूपाने राहिली, आणि जिने ती वर्षानुवर्षे गाऊन-बोलून जगविली तिची राणी बव्हंशी प्रेक्षकांच्या आठवणीवर सोडली गेली. चित्रपटाचे दिग्दर्शक चांगले होते आणि हेतूही चांगला होता, म्हणूनच हे उदाहरण विचार करावयास लावणारे आहे.

तन्वीर गेल्याच्या पुढल्या वर्षी, २०१० मध्ये, ‘पीपली लाइव्ह’ आला. त्याचा नायक भिलाईचे ओंकारदास माणिकपुरी. भोवतालची बरीच माणसे नया थिएटरची. आणि त्यातील एक गाणे तन्वीर यांच्या कन्या नगीन यांचे. छत्तीसगडच्या नटाने मुख्य भूमिका घेऊन देशभरच्या चित्रपटगृहांत दिसावे याला एवढा काळ लागला. ज्यांनी वाट घातली, त्यांच्यापैकी अनेकांना हे पाहावयास मिळाले नाही.

गोविंदराम निर्मलकर त्या वेळी हयात होते. रंगमंचावर चरणदासाची भूमिका त्यांनी दीर्घकाळ केली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १० जुलै २०१४ रोजी जोहरा सैगल वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी दिल्लीत निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या चित्रपटांची आणि मालिकांची दृश्ये सबंध देशाने पुन्हा पाहिली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला निर्मलकर गेले.